भुमण्णा उडत नाही

श्री सिद्धेश्वर प्रसन्न

सोलापूर,
११ डिसेंबर १९७६

ती. स्व. अण्णास,
रुद्राणीचा नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अव्वाचा खोकला कमी आहे. ह्यांची मिलमधली पाळी बदलून सकाळची झाली. माया पाचवीत गेली आणि माझ्या वर्गात यंदा बासष्ट मुली आहेत. खुशाली एवढीच. आता तुझ्या पत्राचं आणि आपल्या सावल्यांच्या खेळावरच्या तुझ्या लेखाचं बोलते.

दिवाळी अंक शेजारच्या ईरम्मा मावशींनी आणून दिला. "तुझ्या अण्णाचं नाव छापून आलंय गं," म्हणाल्या. बिचाऱ्या खुशीत होत्या, त्यांना वाचता येत नाही. मी चुलीपाशी उभ्याउभ्या वाचला आणि भाजी करपली. तू लिहिलंस, "गरुडवीर गेला आणि सोलापूरचा पडदा जमिनीवर आला. आता तिथं एक हमाल भिंत धरून उभा असतो आणि मुलं जांभया देतात." हे लिहिणारा माणूस मुंबईत कार्टूनच्या कंपनीत चित्रं काढतो, म्हणून संपादकांनी वर तुझा फोटोही छापलाय.

लेख मी गिळला असता. पण आता पत्रात लिहितोस की संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला येतो, माळ्यावरून गरुडवीराची पेटी काढून ठेव, मैदानातल्या जागा वाटणाऱ्या मुकादमाशी बोलणं झालंय, आपल्या तंबूत पुन्हा गरुडवीर लागेल. आणि वर, "तुझा भुमण्णा पाहिजे तर मधल्या वेळात दाखवू." मधल्या वेळात, म्हणजे लोक भजी आणायला उठतात तेव्हा.

अण्णा, तू गेल्या गड्ड्याला आमचा खेळ किती पाहिलास ते मला माहीत आहे. बिरप्पा दारावर तिकिटं फाडत होता. त्यानंच सांगितलं, "अक्का, म्हादेवअण्णा आलं हुतं की. बसा म्हनलं तर बसलं न्हाईत. कनातीला टेकून उबं हुतं, अन् धा-अकरा मिनटांत गेलं." दहा-अकरा मिनिटं. तेवढ्यावर तू दोन पानं लिहिलीस.

लोक तुलना करतात ते मी समजू शकते. पहिल्या वर्षी तर रोज कुणीतरी अंधारातून ओरडायचं, "उडव की त्याला." एकदा एका बाप्यानं तिकिटाचे पैसे परत मागितले, पडद्यावर पंख दिसले नाहीत म्हणून. मी परत दिले. त्यांनी सहा वर्षं गरुडवीर पाहिला होता, त्यांचा हक्क होता. पण तुला पडद्यामागचं ठाऊक आहे. पुठ्ठा कसा कापतात, तार कुठून ओवतात, पेट्रोमॅक्स किती लांब ठेवला तर सावली फाटत नाही, हे तूच मला शिकवलंस. तू तरी नीट बघायचं होतंस.

तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. गरुडवीराला तीन सांधे होते, दोन पंखांचे आणि एक मानेचा. त्याला उडवायला एक तार ओढली की काम झालं. भुमण्णाला बारा सांधे आहेत. घोटे, गुडघे, खुबे, कंबर, खांदे, कोपरं, मान. त्याला नुसतं उभं करायला तीन माणसं लागतात. तू ज्याला हमाल म्हणतोस तो विहीर खणणारा आहे. दुष्काळात विहीर त्याच्यावर ढासळली, तिसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी वर आला, आणि तेव्हापासून पाय जमिनीला टेकलेले असले की त्याच्यात शंभर माणसांचं बळ येतं. पाय सुटले की तो तुझ्यामाझ्यासारखा. एवढीच गोष्ट. पहिल्या दिवशीच्या भागात हे सगळं आहे, पण तू आलास चौथ्या दिवशी.

आणि तू गेल्यावर त्या दिवशी काय झालं ते कुणी तुला कळवलं नसणार. भुमण्णाला दोरानं बांधून उंच टांगलेलं असतं, पाय लोंबतायत, अंगात काही उरलेलं नाही. खाली गावातली एक म्हातारी येते आणि मूठभर माती उचलून त्याच्याकडे फेकते. ती पोचत नाही. पुन्हा फेकते. तेवढ्यात पहिल्या रांगेतली चार पोरं उठली आणि मैदानातली माती उचलून पडद्यावर फेकायला लागली. मग सगळा तंबूच उठला. बिरप्पा ओरडतोय, "अरं कापाड फाटंल, बसा खाली," आणि माझ्या डोक्यावर, केसांत, पेट्रोमॅक्सच्या काचेवर मातीच माती. काच तडकली. मी त्या धुरळ्यात बसून रडत होते, आणि बिरप्पाला वाटलं डोळ्यात माती गेली.

गरुडवीरासाठी पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पण त्याला वाचवायला कधी कुणी उठलं होतं का? त्याला कुणाची गरजच नव्हती. तो कधी घाबरला नाही, कधी दमला नाही. माझा भुमण्णा भिंत पाठीवर घेतो तेव्हा त्याचे गुडघे थरथरतात, आणि तंबूतल्या पोरांची तोंडं उघडी राहतात. तू त्याला जांभया म्हणालास.

गरुडवीर वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याचे पंख मीच कापलेत, लाल जिलेटिन कागद मीच चिकटवला. पहिल्यांदा तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तेव्हा आपण दोघं आत तोंडावर हात धरून हसलो होतो, आठवतं? तसं हसणं पुन्हा झालं नाही. म्हणूनच तुझा लेख मला परक्याच्या लेखासारखा वाचता येत नाही.

लेखाच्या शेवटी तू विचारलंयस, "हा नवा वीर उडत का नाही? कल्पना संपली की तार?"

नळाला पाणी आलंय. उरलेलं उद्या लिहिते.

१२ डिसेंबर, दुपारी

पाणी आलं होतं हे खरं, पण मी उठले ती तुझ्या त्या प्रश्नावरून. काल बारा सांधे मोजत बसले आणि उत्तर दिलं नाही. आज घरी कुणी नाही. अव्वा देवळात गेली आहे, हे मायाला घेऊन दप्तराचा पट्टा शिवायला गेलेत. आता लिहिते.

तुला उत्तर माहीत आहे, अण्णा. सोलापुरात ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांतला तू पहिला.

त्र्याहत्तरचा मे महिना. मायाला आठवं वर्ष लागलं म्हणून तू तिच्या मापाचे पंख केलेस. चांगल्या पुठ्ठ्याचे, मागून कामट्या लावलेले. सकाळी अंगणात तिच्या पाठीला ते तू बांधलेस आणि म्हणालास, "आता तूपण उडशील." सगळे हसले. दुपारी ती माळवदावर गेली आणि तिथून अंगणात उडी मारली.

साडेतीन वर्षं झाली. या घरात हे वाक्य आजवर कुणी लिहिलं नाही की बोललं नाही. आम्ही "मायाचं दुखणं" म्हणतो.

तू तिला उचलून टांग्यापर्यंत पळालास, तुझा सदरा रक्तानं भरला होता. ते मी विसरलेले नाही. दवाखान्याच्या पायरीवर तू बसून राहिलास, आत आला नाहीस. आठ दिवसांनी मुंबईला गेलास. नोकरी आधीच ठरली होती म्हणालास. असेल. त्यानंतर तिला दोनदा मिरजेला नेलं. उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला. तुझ्या पत्रांत "चि. मायास आशीर्वाद, अभ्यास करते ना?" असतं. पाय कसा आहे असं एकाही पत्रात नाही. सगळी काढून पाहिली. सतरा पत्रं आहेत. गेल्या गड्ड्याला मैदानापर्यंत आलास, आणि मैदानापासून घर पंधरा मिनिटांवर असताना तसाच स्टेशनवर गेलास. अव्वानं चार दिवस पुरणाची डाळ भिजत घातली होती, कुणीतरी तिला सांगितलं होतं तू येणार म्हणून. रोज ती डाळ आम्ही आमटीत घालून खाल्ली.

मी तुझ्यावर एवढी चिडले आहे की पेन कागदातून आरपार जातंय. पण सगळा दोष तुझ्या अंगावर टाकून हे पत्र बंद केलं तर तेही खोटं होईल.

त्या दुपारी मी अंगणातच होते. गरुडवीराच्या नव्या भागासाठी मोठे पंख कापत होते. वरून मायानं हाक मारली, "आई, बघ." मी मान वर केली नाही. म्हणाले, "हं, बघतेय." कात्री वळणावर होती, थांबले असते तर कड बिघडली असती. ती कड बिघडली नाही, अण्णा. ते पंख अजून पेटीत आहेत, अगदी सुबक.

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

म्हणून भुमण्णा उडत नाही. माझी कल्पना संपलेली नाही. तारेची तर चार रिळं घरात पडून आहेत. तंबूत पुढच्या रांगेत बसलेली पोरं घरी जाऊन खेळतात. त्यांनी भुमण्णा खेळावा. भिंतीला पाठ लावून ढकलावी, पाय मातीत रोवावेत, फार तर अंगण उकरावं. त्यातून कुणी पडलंच तर उभ्या उंचीवरून पडेल. तुला ही कला वाटत नसेल तर नको वाटू दे.

आता शेवटचं, ज्यानं मला खरा संताप आला. तू लिहिलंस, "भुमण्णाची चाल सदोष आहे. उजवा पाय ओढल्यासारखा पडतो. सांधा चुकीच्या जागी बसवलेला दिसतो. गरुडवीराच्या काळात अशी हयगय चालत नसे."

तो सांधा चुकलेला नाही. भुमण्णाचे पाय माया चालवते.

दोन वर्षांपासून पडद्यामागे खालच्या फळीवर बसून तीच चालवते. मी चालवायचे तेव्हा तो बाहुल्यासारखा चालायचा. तिनंच एकदा माझ्या हातातून काड्या घेतल्या. म्हणाली, "आई, असं नसतं. आधी सगळं वजन एका पायावर घ्यायचं, मग गुडघा सोडायचा, मग दुसरा पाय येतो." ती चालणं शिकली आहे ना, दोनदा. आपल्याला ते कधी शिकावं लागलं? गुडघे थरथरतात तेही तिचंच. पडद्यावरचा माणूस तिच्यासारखा चालतो हे आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते तू पाहिलंस. अकरा मिनिटांत नेमकं तेवढंच पाहिलंस आणि त्याला हयगय म्हणालास.

अंक मी लपवून ठेवला होता. तिनं शोधून काढला. ओसरीवर बसून अख्खा वाचला आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवला.

"मामाला माहीत नव्हतं का, मी चालवते ते?" तिनं विचारलं.

"नव्हतं," मी म्हणाले.

"मग त्यानं खरं तेच लिहिलंय," ती म्हणाली आणि वेणी घालायला बसली.

मी तिला म्हणाले, मामाला काय कळतंय, भुमण्णा गरुडवीरापेक्षा शंभर पटीनं चांगला आहे. त्यावर ती काय म्हणाली तेही लिहिते, कारण तुझ्याशी भांडताना माझ्या बाजूचं तेवढं सांगायचं असं मला करायचं नाही. म्हणाली, "चांगला आहे गं. पण गरुडवीर वर जायचा ना, तेव्हा पोटात गोळा यायचा. भुमण्णाच्या वेळी तसा येत नाही."

"अजून आवडतो तुला तो?"

"आवडतो की," म्हणाली. "त्यानं काय केलंय?"

मी उठून परसात गेले आणि धुतलेलं धुणं पुन्हा धुतलं. दोन वर्षं मी तिच्यासाठी एक वीर घडवला, आणि ती अजून तुझ्याचकडे बघते. याचाही राग मला तुझाच आला. तो बरोबर नाही, हे मला कळतं.

तर आता ठरलं ते असं. मुकादमाला मी आणि बिरप्पा काल जाऊन भेटलो. तंबूची जागा माझ्या नावावर आहे आणि पाचही दिवस भुमण्णाच लागेल, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. तो कुरकुरला, म्हादेवप्पा नाराज होतील म्हणाला. बिरप्पानं त्याला सांगितलं, "हून द्या की. अक्का काय कमी नाराज हायत का?"

गरुडवीराची पेटी मी माळ्यावरून काढली. वाळवी नाही, सगळं नीट आहे. ती तुझी आहे, घेऊन जा. मुंबईत त्याला उडव, सिनेमात उडव, आम्ही तिकीट काढून बघायला येऊ. सोलापूरच्या पडद्यावर तो माझ्या हातून पुन्हा वर जाणार नाही.

पण पेटी तंबूत मिळणार नाही. ती घरी आहे, घरी येऊनच न्यावी लागेल. अव्वाला तुझं पत्र वाचून दाखवलं, लेखाचं सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बरली, नन्न मगा बरली." लेक येऊ दे, एवढंच. तिच्या पोराला यायला तिची कधी ना नव्हती. माझी आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तरी ये.

आलास की कडी वाजव आणि थांब. दार माया उघडते, ती दुसऱ्या कुणाला उठू देत नाही. ओसरीपासून दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. तेवढा वेळ बाहेर उभा राहा. परत फिरू नकोस. या वेळी फिरलास तर तिला पाऊल ऐकू येईल.

तुझी धाकटी बहीण,
मायाची आई,
रुद्राणी