बाभळीची खुंटी

पौष शुद्ध ५, फसली १३३४

केजच्या बाजारात आज हर्रास होता. उसाचा चरक घेतला. तीन लोखंडी लाटांचा, अंगाला दसऱ्याचा शेंदूर अजून तसाच. नांदूरघाटच्या गहिनीनाथाचा हा चरक. तो गेल्या साली वारला, भावांनी विकायला काढला.

बद्रीनाथ — माझा थोरला — सकाळी म्हणाला होता, "आबा, चार ऊस संगं घेऊन जा. घालून बघा. रिकामा चरक कसा बी फिरतो." ऊस गाडीत घालायचे राहूनच गेले. तिथं त्यांनी एक बैल जुंपून चरक रिकामा फिरवून दाखवला आणि मी ऐकतच राहिलो. कुर्र कुर्र — टक. कुर्र कुर्र — टक. जणू प्रत्येक ओळीत नेमक्या जागी यती! पंतोजी छडीनं फळीवर ठेका धरून आमच्याकडून आर्या म्हणून घेत, अगदी तसा. डोळे मिटले गेले. "एक बार, दो बार" ऐकू आलं तेव्हा माझा हात वरच होता.

पौष शु. ६

वडिलांचा लाकडी चरक विहिरीजवळ जिथं असे, तिथंच हा बसवला. उसाला तुरे आलेत. आता उशीर झाला तर रसाचा गोडवा जाईल, गूळ धरणार नाही. बद्री म्हणतो, ऊस दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर नेऊ. नाही. ह्याच मळ्यात, ह्याच चरकावर. संक्रांतीला घरचा गूळ झालाच पाहिजे.

पौष शु. ८

पहिला घाणा. सून विमल चरकापुढं बसून ऊस घालत होती, गडी म्हाळू बैलांमागं. टक — टक. मी बाजेवर बसून मात्रा मोजत होतो.

दुपारी विमल म्हणाली, "मामंजी, कायतरी जळतंय."

"चुलाण पेटलंय, जळणारच."

"लाकडाचा वास न्हाई हा. जोड्याचा हाय."

खरंच चामड्याचा वास! रसालाही लागलेला. बद्रीनं रसाची काहील उकिरड्यावर उपडी केली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

पौष शु. ९

केजहून जलालुद्दीन मिस्त्रीला आणला. त्यानं मधल्या लाटेचा आस उचलला. आस ज्या पितळी कड्यात फिरतो ते कडं झिजून पत्रा झालेलं. लाट डगमगू नये म्हणून आत जुन्या जोड्याचा तळ कापून कोंबलेला, वरून वंगण. रिकामा फिरवला तर वर्षभर कळायचं नाही. ऊस घातला, ताण आला, चामडं जळालं.

"आबा, तुमी चरक घेतला का चप्पल?"

म्हाळू हसला. मीही हसलो. काय करणार? पण मागं फिरणार नाही. नवं कडं ओतून आण म्हणून त्याला सांगितलं.

पौष शु. १०

नुसता बसून. ऊस वाळतोय.

पौष शु. १२

नवं कडं बसलं. सकाळपासून रस धो धो. तिसऱ्या प्रहरी म्हाळूला डुलकी लागली, बैलांनी हिसका दिला आणि आडव्या दांड्याच्या टोकाची साखळी सुटून पडली. चरक जागच्या जागी थांबला. बैल जू घेऊन थेट विहिरीवर पाण्याला.

पाहतो तर काय — दांड्याला साखळी अडकवायचा जो खिळा लोखंडाचा म्हणून मी पाहिला होता, ती बाभळीची खुंटी! काजळी आणि तेल चोळून काळी केलेली. भोकात सैल, वरून चरबी. माथ्याला एक भोक, त्यात दोरीचा कुजका तुकडा. तो माझा यती, ती छडी — ती ह्या सैल खुंटीची खडखड होती. हर्रासात मी डोळे मिटून ऐकत होतो ते हेच.

बद्री म्हणाला, "लाकडाला काळं फासून लोखंड म्हणून इकलं. लई हुशार लोकं हायेत, आबा."

पौष शु. १३

जलालुद्दीन परत आला. "ही तर उघड फसवणूक हाय." लोखंडी खिळा घातला, दोन्ही टोकं लाल करून ठोकून चपटी केली. म्हाळूला म्हणाला, "आता झोप बे खुशाल. बैल मेले तरी साखळी सुटायची न्हाई."

खुंटी मी स्वतः चुलाणात टाकली. लगेच पेटली, चरबीच होती ना.

पौष वद्य २

सात ढेपा! सोन्यासारख्या पिवळ्या. बद्री काल रात्री जेवताना म्हणाला, "बरं झालं घेतला." एवढंच म्हणाला, पण म्हणाला.

चरक आता नुसता कुर्र कुर्र फिरतो. टक नाही. मला ते चुकल्यासारखं वाटतं. कुणाला सांगायची सोय नाही.

पौष वद्य ४, संक्रांत

गुऱ्हाळावर आलेल्याला रस दिल्याशिवाय वाटेला लावू नये, ही वडिलांची रीत. बाजाराच्या वाटेनं जाणारी एक बाई दुपारी थांबली. विमलनं पेला पुढं केला, तिनं तो डाव्या हातानं घेतला. मनात म्हटलं, काय ही रीत. चरकाकडं बघत राहिली.

"आमचाच हाय हा. मी गहिनीनाथाची छबुबाई." मग म्हणाली, "आवाज कावून येईना?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. कडं, चामडं, काळी खुंटी, नवा खिळा.

"कडं, चामडं ते दिरांचं असंल, मला ठावं न्हाई. खुंटी आमच्या मालकांची हुती." तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. अंगठा तेवढा होता. "बोटं ऊस घालताना गेली. आरडले, पण बैल दोन पावलं फुडं गेलतेच. तवा त्यांनी खिळा काढून खुंटी घातली. दोरी बैलं हाकणाऱ्याच्या हाती. आरोळी आली की हिसका द्यायचा, बैल सुटतेत, चरक थांबतो."

"मग काळी कशाला केली?"

"लाकूड दिसलं की येणारा जाणारा लोखंड ठोकायला बघतो, आबा."

मागं विमल ऊस घालत होती. बांगड्या वाजत होत्या. मी ओरडलो, "म्हाळू, बैल सोड!"

पौष वद्य ५

खिळा कापायला दिवस गेला. घण मीच मारला, मिस्त्रीला बोलावलं नाही. बाभळीची नवी खुंटी तासली, दोरी ओवली, म्हाळूच्या मनगटाला बांधली. तिन्हीसांजेला बैल जुंपले. कुर्र कुर्र — टक. विमल ऊस घालते आहे. डोळे मिटून घेतले नाहीत.