म्हशीच्या मागे ओतलेलं पाणी

आदरणीय रांगेलदादा यांस, धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे वेल्कोचा, सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व मंडळी देवदयेने खुशाल आहेत. तुमची बहीण नेवेना बरी आहे आणि सासूबाई आपल्या सगळ्यांना पुरून उरतील इतक्या ठणठणीत आहेत. ट्रकही बरा आहे असं पुढे लिहायचं होतं, पण हात अडला, म्हणून आधी तुमच्या पाठीची चौकशी करतो. हिसार्याच्या गरम झऱ्यांचं पाणी पाठीला मानवतंय ना? पाणी सगळ्यांनाच मानवतं असं नाही, हे मला या आठवड्यात कळलं. (फोनच केला असता, पण आपल्या घरात फोनवर कुजबुजलं तरी सासूबाईंना ऐकू जातं. एरवी जेवायला हाक मारली तर ऐकू जात नाही.)

तुम्ही टोइंगचा ट्रक माझ्या हवाली केलात तेव्हा मी नको म्हटलं होतं, हे एकदा नोंदवून ठेवतो. मला घाट चढायची भीती वाटते, उतरायची त्याहून जास्त वाटते, आणि पेट्रोहानच्या घाटात तिसरं काही करता येत नाही. त्यातून त्या ट्रकला आपण घरात म्हैस म्हणतो. म्हैस कधी बसकण मारेल याचा नेम नसतो. तरी तुमचा शब्द मोडवेना. तुम्ही सांगून गेलात त्याप्रमाणे मी चाकांना जोर पोचवणाऱ्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदललं, खालच्या बोल्टच्या लोहचुंबकाला चिकटलेला कीस पुसला (कीस पाहून मला रात्रभर झोप आली नाही, नेवेना म्हणाली, तुमच्या दाढेतूनही एवढा निघेल), आणि हाउसिंगच्या, त्या लोखंडी कवचाच्या, डोक्यावरचं ते बोटभर टोपण, ज्यातून डिफरन्शियल श्वास घेतो, ते काढून पेट्रोलने धुतलं. पुढचं टोपण बसवलं. मागचं खिडकीत वाळत ठेवलं. ते अजून खिडकीतच आहे, दादा. आता पुढचं वाचा.

लोमहून सोफियाला कलिंगडं घेऊन निघालेला एक लॉरीवाला घाटाच्या पायथ्याशी बंद पडला. इस्क्रेन त्याचं नाव. माणूस तोंडाळ, सारखा खाणारा आणि स्वतःचाच माल खाणारा. त्याची भरलेली लॉरी पाठीला बांधून म्हैस चढायला लागली. ऊन असं की डांबर चाकांना चिकटत होतं. आपल्या घरापर्यंत, म्हणजे जेमतेम अर्ध्या चढापर्यंत येईतो मागून जळक्या तेलाचा वास सुटला. तुमचा नियम होता की हाउसिंगवर तळहात ठेवायचा, ‘स्वर्गातल्या बापा’ची प्रार्थना म्हणायची, आमेनपर्यंत हात टिकला तर पुढे जायचं, नाहीतर सावलीत उभं करून आपोआप निवू द्यायचं. तुम्ही प्रार्थना किती सावकाश म्हणता हे विचारायचं राहून गेलं. मी भीतीने इतकी भरभर म्हणतो की हात भाजायच्या आत आमेन येतं. या खेपेला पहिल्या शब्दालाच हात उडाला. मी म्हैस आपल्या अक्रोडाखाली उभी केली आणि दोघंही ताक प्यायला बसलो. थांबलेल्या गाडीत मी फार चांगला ड्रायव्हर असतो.

सासूबाई निघणाऱ्याच्या मागे पाणी ओततात हे तुम्हाला मी काय सांगणार. वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून सगळेच ओततात, पण सगळे रस्त्यावर पेलाभर ओततात. सासूबाईंचं मत असं की पाणी वाहनाच्या मानाने हवं. दळणाला जाणाऱ्याला पेला, मोटारीला तांब्या आणि म्हशीला बादली. आम्ही उठलो, मी चावी फिरवली, आणि सासूबाई शकुनाची जिरेनियमची फांदी घातलेली बादली घेऊन आल्या. मागचा डिफरन्शियल धगधगतोय हे त्यांनी पाहिलं, त्यांना त्याची दया आली, आणि आशीर्वाद व उपचार एकदमच उरकावे म्हणून विहिरीचं गार पाणी थेट त्याच्या डोक्यावर रिकामं केलं. चर्र झालं. वाफ उठली. सासूबाई म्हणाल्या, “जा आता. निवला बिचारा.” मी निघालो. तापलेलं हाउसिंग एकदम गार झालं की आत जोराने श्वास ओढतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पण उघड्या भोकातून ते पाणीच प्यायलं असेल, हे मला आठवलं थेट खिंडीच्या माथ्यावर.

माथ्यावर थांबून मागचं तेलाचं बूच उघडलं. आत तेल नव्हतं, बोझा होता. आपण सकाळी न्याहारीला पितो तोच, आंबवलेल्या धान्याचा, तसाच दाट आणि तसाच फिकट. पुढे सगळा उतार, पाठीला कलिंगडांची लॉरी, आणि मागचा डिफरन्शियल जाम होऊन चाकं एखाद्या वळणावर अडकली तर आम्ही रस्ता सोडून जवळच्या वाटेने सोफियाला पोचणार होतो. मला नेवेना दिसायला लागली, विधवेच्या काळ्या रुमालात. इस्क्रेन कलिंगडाची फोड खात माझ्याकडे बघून म्हणाला, “इंजिन बंद केलंस ना? मग थरथरतंय काय रे?” मी होतो ते.

देव तुमचं भलं करो, तुम्ही सीटमागे तेलाचा भरलेला कॅन ठेवता. ते पांढरं तेल मी रिकाम्या डब्यात काढलं, कॅनमधलं थोडं घालून आत फिरवून पुन्हा काढलं, उरलेलं भरलं, भोकावर चिंधी बांधली आणि पहिल्या गियरमध्ये उतरलो. मागे लागलेल्या गाड्यांनी माझ्या आईवडिलांची जी चौकशी केली ती इथे लिहीत नाही. कलिंगडं पोचली. मीही पोचलो.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं की कसं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि सासरेबुवांचा फोटो समोर आला. ते घाटात वारले त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं आणि सासूबाईंनी पाणी ओतलं नव्हतं, हे सगळं गाव जाणतं, आणि सासूबाईंनी ते कधी नाकारलं नाही. तेव्हापासून त्यांनी एकालाही कोरडं जाऊ दिलेलं नाही. अशा बाईला मी कसं सांगू, की तुमच्या पाण्याने मी मरत होतो? मी म्हटलं, “पाण्याने फार गुण आला.” त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “मग रविवारी दोन बादल्या. डिफरन्शियल दोन आहेत ना?” रविवारी म्हशीला एक बंद पडलेली क्रेन ओढायची आहे, दादा. क्रेन. मला उताराची भीती वाटते, बादलीची वाटते, आणि खरं बोलायची सगळ्यात जास्त वाटते.

तब्येतीस जपा. पाठीला गार वारा लागू देऊ नका.

आपला,
वेल्को

ता. क. ते टोपण खिडकीतून काढून आता बसवतो, पण दोन बादल्यांपुढे टोपण काय टिकणार? श्वासाची लांब रबरी नळी मिळते, हाउसिंगवरून थेट केबिनच्या मागे उंच नेता येते. रविवारच्या आत पाठवा. मग त्यांनी म्हशीला खुशाल आंघोळ घालावी.

पुन्हा ता. क. नळीचं राहू द्या. तुम्हीच या. मला ट्रक चालवायचाच नाही.

रांगेल, हे मी, तुझी आई, लिहितेय. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. पांढऱ्या तेलाचा डबा आज कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडला, तेव्हाच काय ते कळलं. रविवारी पाणी पुढच्या चाकावर ओतीन. तुझ्या बापाच्या मागेही त्या दिवशी मी ओतलं होतं. भांडलो होतो तरी ओतलं होतं, चांगलं तांब्याभर. लोक म्हणाले ओतलं नसेल, मी म्हणू दिलं. पाणी ओतूनही तो गेला असं म्हटलं असतं, तर त्यानंतर तू फाटकाबाहेर कशाच्या जोरावर पडला असतास? वेल्कोला यातलं काही सांगू नकोस. या घरात भीती फक्त त्यालाच वाटते, असं त्याला वाटतंय ते राहू दे. पाठ बरी होईतो येऊ नकोस. नळी मात्र पाठव, लांब बघून घे.