गिऱ्हाइकाची खुर्ची

गुरुवार, १३ मार्च

चि. मिरचीस,
आत्याचे आशीर्वाद. राग आला म्हणून ते कमी करत नाही.

काल, बुधवार, १२ मार्च रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, वर्गभर माणसांदेखत तू मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून उठवलंस. तुझ्या वडिलांची मी थोरली बहीण. ही हिंमत त्यानेसुद्धा अजून केलेली नाही.

मी आपणहून आले नव्हते. लाडीगोडी तूच लावलीस. सरकारने आमच्या प्रशिक्षण केंद्राला अनुदान दिलंय, छोटा धंदा काढणाऱ्यांना आम्ही फुकट सल्ला देतो, शिकवतो. सरावासाठी खोटी गिऱ्हाइकं लागतात, आणि तुझ्याइतकं खट गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही, असं तूच म्हणालीस. मी ते कौतुक समजले. टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर जन्म काढलेल्या बाईला हे काम येणार नाही तर कोणाला?

समोर बसली ती पडदे शिवणारी. नमुन्याची शिवण मी चष्मा लावून पाहिली; खोड काढता आली नाही. म्हटलं, उद्या सकाळी हवेत. ती हो म्हणाली. अस्तराचे पैसे देणार नाही म्हटलं. हो. दांडे तुम्हीच ठोका. हो. शेवटी विचारलं, माझी फरशीही पुसाल का, तर बाईने मान डोलावली! तेव्हा माझा आवाज चढला, हे मान्य. अहो, नाही म्हणा, एवढंच मी म्हणाले. तीन-चारदा म्हणाले. ती रडायला लागली, आणि तू धावत येऊन मला, आत्या, पुरे, बाहेर जाऊन चहा घे, असं सांगितलंस.

चहा थंड होता.

खुलासा लेखी हवा. फोनवर तू गोड बोलून सुटतेस. हे पत्र तुझ्या बाबांच्या हाती देते आहे. चालणं झालं तर त्याचं पोट उतरेल.

तुझी (अजून तरी) प्रेमळ
आत्या

शुक्रवार, १४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चहा थंड होता याबद्दल दिलगीर आहे. बाकी कशाबद्दल नाही. तुझा आवाज पलीकडच्या वर्गात गेला. तिथल्या मास्तरांनी उठून दार लावून घेतलं.

पडदेवाली त्यानंतर आलेली नाही. काल नाही, आज नाही. फोन सासूने घेतला आणि ती कामात आहे म्हणाली. अनुदान सरकारचं, तेव्हा नियमही सरकारचे. सोमवारीही ती आली नाही तर नाव काढावं लागेल, आणि दुकान काढल्यावर वर्षभर पाठीशी राहणारा सल्लागार तिला मिळणार नाही. तो तिला फार हवा आहे. एकदा तिने दुकान काढलं होतं. सगळ्यांना हो म्हणत सुटली, कुणाचंच वेळेवर झालं नाही, आणि सहा महिन्यांच्या आत टाळं लागलं. आता पुन्हा फसलं तर घरचे परत दुकान काढू देणार नाहीत, असं पहिल्याच दिवशी सांगत होती.

तेव्हा तुझं निदान बरोबर आहे, आत्या. औषध पाजण्याची पद्धत तेवढी घोड्याच्या डॉक्टरची आहे.

बाबा म्हणतात, उत्तर द्यायला पाठवणार असशील तर मला आधी जेवू दे. रागव हवं तितकं, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी
मिरची

रविवार, १६ मार्च

चि. मिरचीस,
घोड्याच्या डॉक्टरचे आशीर्वाद.

सरावात तिने मला दुकानाचं, घरचा पत्ता छापलेलं कार्ड दिलं होतं, ते पर्समध्ये निघालं. काल सकाळी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना, खोलीभर कापडाचे गठ्ठे, खिडकीशी मशीन. सासू पलंगावर बसून हुक लावत होती. मी म्हटलं, माझ्या बैठकीच्या खिडक्यांना खरोखरच पडदे हवेत, उद्या द्याल का? ती हो म्हणाली. मिरचे, मी जीभ दातांखाली धरली.

मग म्हटलं, जागा बदलू. तुम्ही गिऱ्हाईक, मी दुकानदार. ती लाजली. सासू म्हणाली, कर की, त्या काय खातात का तुला? आणि काय सांगू! नसलेला चष्मा नाकावर ओढून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच सावरून बसले. शिवण वाकडी, रंग रडका, पडदे उद्या सकाळी सातला हवेत, अस्तर फुकट, आणि वर हल्ली कुणाला काम करायलाच नको! मी असं कधीही बोलत नाही. सासूला हसून हसून ठसका लागला.

मी तक्रार खिडकीवर बोलायचे तशी बोलले. उद्या होणार नाही, शुक्रवारी नक्की देते, अस्तराचे वेगळे पडतील. गिऱ्हाइकाने आदळआपट केली. मी तेच पुन्हा सांगितलं. तिने हळूच विचारलं, माणूस निघूनच गेला तर? मी म्हटलं, फोन उद्या जोडून मिळणार नाही, गुरुवारी मिळेल, असं ऐकून लोक मला शिव्या द्यायचे. गुरुवारी फोन वाजला की त्यातले निम्मे आभार मानायला यायचे. (निम्मे जरा जास्त झाले. काही यायचे.)

पुन्हा जागा बदलल्या. मी पडदे मागितले, उद्यासाठी. ती टेप बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, उद्या नाही जमणार, पुढच्या शनिवारी देते. मी नाक मुरडलं, दुसरीकडे शिवून घेईन म्हटलं, दारापर्यंत गेले. तिने थांबवलं नाही! शेवटी मीच परत येऊन खिडक्यांची मापं दिली.

सोमवारी ती येते आहे. तिची अट आहे की समोर मीच हवी. तुमची बाकीची गिऱ्हाइकं फार गोड आहेत, त्यांच्यावर सराव होत नाही म्हणते. मी म्हटलं, मग हे मिरचीला तुम्हीच सांगा, मला बोलायला लावू नका. तर ती चटकन म्हणाली, नाही, ते तुमचं तुम्हीच सांगा.

म्हणून हे लिहावं लागतंय. तुझ्यावरचा लोभ तूर्त जागच्या जागी आहे. खुर्ची मिळणार की नाही, ते सोमवारी सकाळी साडेनऊच्या आत मला लेखी कळव.

तुझी
आत्या