दीपकच्या लग्नाचा व्हिडिओ

कोकिळा,

कॉम्प्युटर भरला म्हणून तू फर्मान काढलंस, "दीपकच्या लग्नाचा व्हिडिओ काढून टाका. मायबापाले न विचारता केलेलं लग्न, जागा काऊन अडवून राह्यलं?"

आधी मी माझेच चाळीस वर्षांचे लेख पुसायला घेतले. ज्यांच्यापायी तीन आमदारांनी आपल्याकडचा चहा सोडला, ते सारे मिळून तुझ्या लोणच्याच्या सहा फोटोंएवढे भरले! मी खुर्चीतच हात जोडले.

मग लग्नाकडे वळलो. फाईल शेवटची कधी उघडली, हेही हे यंत्र लिहून ठेवतं. तिथे कालची दुपार होती, दोन वाजून दहा मिनिटं. मी तेव्हा वाचनालयात होतो, घरात तू एकटी. माउसला हात न लावणारी तू हे शिकलीस कधी? जन्मभर लोकांची बिंगं फोडली, पण घरातल्या बाईचा पत्ता लागला नाही. थक्क झालो बाप्पा!

व्हिडिओ पुसला नाही. नव्या डिस्कवर त्याची आणखी एक प्रत काढली आहे, आता तो हरवायचा नाही.

मी दीपककडे बुलढाण्याला निघालो. साडेअकराच्या एसटीत दोन जागा धरून ठेवतो.

शेषराव