गळका हीटर आणि अप्पा

६ जानेवारी १९९५, शुक्रवार
बाथरूमचा हीटर गळतोय. अप्पा सोलापूरहून येऊन जेमतेम आठ दिवस झाले, पहिल्यांदाच शारजा बघतायत, आणि घरात हे. अप्पांनी मान वर करून पाहिलं, म्हणाले, "वॉशर गेलंय. पाना दे." मी म्हटलं, बहात्तराव्या वर्षी स्टुलावर? मिलमध्ये एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलात, आता आराम करा. शिवाय वॉशर नाहीच, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. मी क्वांटिटी सर्व्हेयर आहे, अख्ख्या टॉवरचं प्लंबिंग मोजतो. उद्या अर्ध्या तासाचं काम.

७ जानेवारी
ट्रॅफिक. दुबईहून घरी यायला पावणेदोन तास. उद्या नक्की.

१० जानेवारी
व्हॉल्व्ह आणला. साइज चुकली. दुकानदाराने विचारायला नको? हीटर बंद ठेवलाय. अनुपमा गॅसवर पाणी तापवून द्यायला निघाली तर अप्पा म्हणाले, कशाला, गारच घेतो. जुनी माणसं काटक असतात.

१३ जानेवारी, शुक्रवार
नवा व्हॉल्व्ह बसवला. अप्पा खाली स्टूल धरून उभे. "मेन कॉक बंद केलास ना?" तीनदा विचारलं. मी ओरडलो, जरा गप्प बसा ना. कॉक बंद केला नव्हता. पाणी खालच्या मरियमबींच्या छतातून टपकलं. त्या वर आल्या, म्हणाल्या, "भाईसाब, यल्ला, जल्दी प्लंबर बुलाओ." बोलावणार नाही. आता प्रश्न इज्जतीचा आहे. गळती वाढलीय, पण निदान जागा नक्की कळली.

१७ जानेवारी
अप्पा छान रमलेत. बादली भरली की ओतून येतात आणि वेळ कॅलेंडरवर लिहितात. मैथिलीने विचारलं, "आजोबा, आर यू बोअर्ड?" ते नुसते हसले. त्यांना इंग्रजी कळलं नसावं.

२० जानेवारी, शुक्रवार
सुट्टी असून रास अल खैमाच्या साइटवर जावं लागलं. परत येतो तर अप्पा स्टुलावर, हातात पाना. पडले असते म्हणजे? खाली उतरवलं, पाना काढून घेतला. "सूर्या, एवढं तरी करू दे रे," म्हणाले. पाना गाडीच्या डिकीत टाकून आलो. सेफ्टी फर्स्ट. अप्पा जेवले नाहीत. खोकला झालाय, त्यामुळे असेल.

२४ जानेवारी
अप्पांना परत जायचंय. व्हिसा फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. कारण विचारलं तर म्हणतात, घर बंद आहे. आई गेल्यापासून त्या घरात दुसरं आहे कोण? अनुपमा म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही?" काय कळत नाही ते मात्र सांगितलं नाही. मला वाटतं, अप्पांना इथली हवा सोसली नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार
एअरपोर्टवर सोडून आलो. मिठी मारायची होती. ट्रॉली मध्ये आली. अप्पांनी मैथिलीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी सावकाश चालव."

२८ जानेवारी
अनुपमाने मला न विचारता प्लंबर बोलावला. सात मिनिटांत खलास. वॉशर होतं. अनुपमा काही बोलली नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२९ जानेवारी
सोलापूरला अप्पांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी अप्पांना बोलावून आणलं. खोकत होते. बरे आहात का विचारण्याआधीच त्यांनी विचारलं, "हीटरचं काय झालं?"

मी म्हटलं, "झाला दुरुस्त. व्हॉल्व्हच होता, अप्पा. मीच बदलला."

अप्पा पुन्हा खोकले. मग म्हणाले, "असं होय. मग मलाच चुकीचं दिसलं. आता डोळ्यांवर भरवसा ठेवायला नको."

मी खरं सांगणारच होतो. पण लाइन कट झाली.

नाही. लाइन चांगली होती. फोन मीच ठेवला.