दाराजवळची पिशवी

धाकटे, तुझ्या पाठीवरून ताईचा मायेचा हात.

मी मजेत आहे गं! मोटारीमागं ओढायच्या या एवढ्याशा घरात सुनेनं केवढं सामान बसवलंय! पातेल्यात पातेलं, त्यात वाट्या, पांघरुणं उशांच्या अभ्र्यांत. उरलेलं सगळं माझ्या झोपायच्या फळीखाली, म्हणून सारखं आपलं, "आई, उठा जरा." नात म्हणते, "आजी, तू आमच्या कपाटाचं झाकण!" हसून हसून पुरेवाट झाली.

सुनेचा नियमच आहे, जड ते तळाशी आणि आधी उतरवायचं ते दाराजवळ. काल गाडी तुझ्या गावाकडे वळली, आणि वाटेत चहाला थांबलो तर माझी कपड्यांची पिशवी दाराजवळ दिसली. मुलगा नुसताच काच पुसत राहिला.

तुझा गुडघा कसा आहे? माझी खाट मोडीत काढली नसशील ना गं?

तुझीच,
ताई