माहेरचं नाव

आई, तुझं माहेरचं नाव सापडलं.

भूकंपानंतर किल्लारीकडचं तुझं गाव पाहून आलीस. घर नव्हतं, घरातलं कुणीही नव्हतं. लातूरच्या आपल्या खानावळीत तू चुलीशी बसलीस आणि म्हणालीस, "आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी न्हाई राहिलं." मी विचारलं, कोणत्या नावानं? तू म्हणालीस, "भाकर करपून राहिली, उलट ती." मला तुझं एकच नाव माहीत होतं, लग्नात वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं. आधीचं तू त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आली होतीस. मग शहरात क्लास वाढले, गावोगावची मुलं आली, आपल्या पंगती वाढल्या, आणि विचारायचं राहून गेलं. डोळ्यांसमोर येतं ते वेगळंच. नवी आलेली एखादी मुलगी ताटावर रडू लागते. तू भाकरी थापायची सोडून उठतेस, पिठाच्या हातानं तिची हनुवटी वर करतेस आणि हाक मारतेस. मुलगी कंधारची असो की उदगीरची, रडणारीला तुझी हाक ठरलेली, एकाच नावाची. "मावशी, माझं नाव ते नाही." "माहीत हाय. जेव."

मी आता नांदेडला असते. इथल्या ग्रंथालय संघाची आणि जुनी दप्तरं सांभाळणारी माणसं रविवारी एकत्र बसतात, घराण्याचा माग काढणाऱ्यांना मदत करतात. त्यांनी निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचून दाखवले. तुझे आजोबा सापडले, त्यांचे वडीलही; त्यांचं शेत कोणत्या ओढ्याला लागून होतं तेही कळलं. लेकींची नावं त्या कागदांत नव्हती. मी तुझं नाव सांगून पुन्हा पाहायला लावलं, तेव्हा संघातल्या बाई वैतागल्या. "ताई, सासरचं नाव घेऊन माहेरात शोधून राहिल्या तुम्ही. कसं घावंल?" मी म्हटलं, गावच उरलं नाही, शाळेचे कागदही ढिगाऱ्यात गेले. बाईंनी दप्तर बांधून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "गाव पडलं. पण गावच्या लेकी तर आधीच सासरी गेलत्या ना? त्यांना विचारू."

संघानं तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांना चिठ्ठ्या धाडल्या. तुझं गाव, तुझ्या वडिलांचं सुतारकाम, दारातली चिंच, हनुवटीवरचा तीळ. लातूरला दिली, एवढं शेवटी. जळकोटकडच्या एका वाचनालयात बायकांच्या बैठकीत ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली गेली, आणि तिथून मला फोन आला. एक म्हातारी बोलत होती.

"सुताराची ना? हाव, माझ्याच बाजूला बसायची साळंत. लई आगाऊ. माझी पाटीवरची पेन्सिल खाल्ली तिनं."

"पेन्सिल?"

"कडाकडा चावून. वर मलाच म्हणती, तूच हरवली. विचार तिला."

विचारते, म्हणाले मी. तू नाहीस हे मला तिला सांगवलं नाही. मग तिनं तुला हाक मारावी तसं तुझं नाव घेतलं, आणि मला पिठाचा वास आला. तेच नाव. इतकी वर्षं तू ते परक्या पोरींना देत होतीस, त्या रडायच्या तेव्हा.

संघातल्या बाई विचारतात, वंशावळीत काय लिहायचं. लिहीन. हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मला त्या मुलींचा हेवा वाटायचा. एकदा मीही ताटावर बसून डोळे चोळले होते, मुद्दाम, तू येईपर्यंत. तू आलीस, हनुवटी वर केलीस, आणि माझ्याच नावानं हाक मारून म्हणालीस, "काय गं, कांदा लागला का डोळ्याला?"